पहाटे आगगाडी जवळ का येते?

फेब्रुवारी सरत आला की फोनवर पळसाचे फोटो फिरायला लागतात. पाठोपाठ पांगारा, काटेसावर, आणि शहरात रस्त्याकडेचे गुलाबी टॅबेबुया. वसंत आला की नाही हे हल्ली आपण डोळ्यांनीच ठरवतो. याच दिवसांत आणखी काही घडत असतं, पण त्याचा फोटो निघत नाही. रेल्वेच्या रुळांपासून तीन-चार किलोमीटरवर राहणाऱ्या कोणालाही विचारा. दुपारी गाडी कधी गेली ते कळतही नाही, पहाटे मात्र चाकांचा खडखडाट थेट उशाशी येतो. तेच मोहोराचं. पहाटे अंगणभर पसरलेला आंब्याच्या मोहोराचा वास अकरा वाजता त्याच झाडाखाली उभं राहून शोधावा लागतो.

‘पहाटे शांतता असते म्हणून’ हे उत्तर आपण देऊन टाकतो. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं हवेत आहे, आणि ते कळलं की अंथरुणात डोळे मिटून पडल्या-पडल्याही बरंच काही ओळखता येतं.

आधी हवेचं बघू

सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन आपल्या अंगालगतची हवा तापवते. त्यामुळे दिवसा खालची हवा गरम आणि वरची गार असते. गरम हवा हलकी, ती वर जाते. तिच्या जागी गार हवा खाली येते. मार्चच्या दुपारी नांगरलेल्या रानापलीकडची झाडं थरथरताना दिसतात, ते हेच ढवळणं. ते एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पोचतं.

रात्री सगळं उलटं होतं. आभाळ निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन आपली उष्णता भराभर वर सोडून देते आणि गार पडते. तिच्यालगतची हवाही गार होते, वरची मात्र तुलनेने ऊबदार राहते. खाली गार, वर ऊबदार, अशा या उलट्या रचनेला भूगोलात ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात. गार हवा जड असल्यामुळे ती वर जातच नाही. पहाटेपर्यंत जमिनीलगत शे-दोनशे मीटरांचा, कधी त्याहूनही कमी जाडीचा एक निश्चल थर तयार होतो. आपण त्या थराच्या तळाशी झोपलेले असतो.

हे पावसाळ्यात का होत नाही? ढग जमिनीची उष्णता अडवून परत खाली पाठवतात, म्हणून. थंडीत होतं, आणि जोरात होतं. पण तेव्हा खिडक्या बंद, डोक्यावर पांघरूण, आणि पक्षीही फारसे बोलत नाहीत. फेब्रुवारीचा शेवट ते मार्च या काळात सगळं जुळून येतं. हवा कोरडी, आभाळ मोकळं. पुण्यात मार्चच्या दुपारी ३५ अंश आणि पहाटे १५च्या आसपास, हा फरक नेहमीचाच. त्यातच झाडं फुललेली आणि पक्ष्यांची विणीची लगबग सुरू झालेली.

मग आवाज लांबून का येतो?

आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. शून्य अंशाला तो सेकंदाला साधारण ३३१ मीटर असतो, २० अंशाला ३४३. म्हणजे एका अंशाला जेमतेम ०.६ मीटरचा फरक. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. पण शाळेची प्रभातफेरी आठवा. आठ-दहा मुलं हातात हात घालून आडव्या ओळीत चालली आहेत, आणि ओळीच्या डाव्या टोकाची मुलं वाळूत शिरली. ती हळू झाली, उजवीकडची तशीच चालत राहिली. हात न सोडता चालायचं तर सगळी ओळ डावीकडे, वाळूच्या दिशेला वळणार. आवाजाची लहरही तशीच वळते, जिथे वेग कमी तिकडे, म्हणजे गार हवेकडे.

दुपारी गार हवा वर असते, म्हणून गाडीचा आवाज जाता-जाता वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. पहाटे गार हवा खाली असते. वर निघालेला आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि जो आभाळात विरायचा तो आपल्या कानावर पडतो. शिवाय दुपारच्या ढवळणीत आवाज विस्कटतो, पहाटेच्या स्थिर हवेत तो अखंड राहतो. नदीपलीकडच्या गावातली काकड आरती, अजान, घाट चढणाऱ्या एसटीचा बदलता गिअर, हे सगळं स्पष्ट ऐकू येतं ते यामुळेच.

‘मग शेजारच्यांचा मिक्सर का मोठा वाटत नाही?’ कारण हे वळणं फार हळूहळू घडतं. त्याला अंतर लागतं. पन्नास पावलांवरच्या आवाजात काही फरक पडत नाही. त्यामुळे पहाटे जवळचं आणि दूरचं यांचं प्रमाणच बदलतं. दूरचं पुढे सरकतं.

पण उन्हात वास जास्त सुटायला हवा ना?

ही शंका अगदी रास्त आहे. वास म्हणजे फुलातून, पानातून, मातीतून सुटलेले रेणू. उष्णता वाढली की ते जास्त सुटतात, म्हणजे दुपारी वास दरवळायला हवा. सुटतातही जास्त, पण सुटल्या-सुटल्या ते एक-दोन किलोमीटर उंच हवेत मिसळून पातळ होतात. पहाटे कमी सुटतात, पण त्या शे-दोनशे मीटरांच्या थरात साचून राहतात. शिवाय वारा नसल्यामुळे वासाचा पट्टा तुटत नाही, आणि चालताना आपण त्यात शिरतो कधी आणि बाहेर पडतो कधी हे नेमकं कळतं.

या वासांसाठी आपल्या नाकात साधारण ४०० प्रकारचे ग्राहक, म्हणजे वासाचे रेणू टिपणारी प्रथिनं, असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१मध्ये ग्राहकांच्या या मोठ्या कुटुंबाचा शोध जाहीर केला आणि २००४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक वास एका ग्राहकाने ओळखला जात नाही. अनेक ग्राहक मिळून तो ओळखतात. दृष्टी, श्रवण, स्पर्श यांचे संदेश आधी मेंदूतल्या एका मधल्या ठाण्यावर जातात आणि तिथून पुढे वाटले जातात. वासाचा संदेश त्या ठाण्याला न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी पोचतो. एखाद्या वासाने आजोळ आधी आठवतं आणि तो वास कशाचा हे नंतर सुचतं, त्यामागे बहुधा ही जवळीकच आहे.

नाकाची एक अडचण मात्र आहे. ते पटकन सरावतं. मोगऱ्याच्या वाफ्याजवळ पाच मिनिटं बसलात की वास ‘जातो’. तो जात नाही, नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून वासासाठी बसण्यापेक्षा चालणं बरं.

अंगणात सडा घालताना उठणारा मातीचा वास यातच येतो. कोरड्या मातीवर पडलेल्या पाण्याच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. त्या वासातला एक मोठा वाटा मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या जिओस्मिनचा असतो, आणि माणसाचं नाक त्याबाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं, की थेंब सच्छिद्र मातीवर आपटला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि वर येऊन फुटतात. त्यांच्यासोबत मातीतलं काहीबाही हवेत उडतं. हलक्या थेंबांनी हे जास्त घडतं, जोरदार माऱ्याने कमी. हाताच्या ओंजळीतून शिंपडलेल्या पाण्याचा वास पाइपने धुतलेल्या अंगणाला येत नाही, ही तक्रार म्हणूनच अगदीच हळवेपणाची नाही.

पळसाला वास का नाही?

आता त्या फोटोंकडे परत वळू. पळस, पांगारा, काटेसावर, म्हणजे डोळ्यांना पेटलेला दिसणारा सगळा वसंत, नाकाला जवळजवळ कोरा असतो. फूल हातात घेऊन हुंगलंत तरी फारसं काही मिळत नाही. कारण ही फुलं मुख्यतः पक्ष्यांसाठी आहेत. साळुंक्या, बुलबुल, शिंजिर, कावळेसुद्धा मकरंदासाठी येतात आणि परागीकरण करून जातात. हे पक्षी फुलं शोधतात ती डोळ्यांनी. लाल-केशरी त्यांना लांबून दिसतो. वासावर खर्च करायची झाडाला गरजच नाही.

वासाची फुलं दुसऱ्यांसाठी असतात. आंब्याचा मोहोर दिसायला मामुली, फिकट, पण वास मैलभर. त्याच्यावर मधमाश्यांइतकाच, कित्येकदा जास्तच, माश्यांचा भरणा असतो. आपण ज्यांना हाकलतो त्या माश्या आंब्याचं मोठं काम करतात. कडुनिंबाची बारीक पांढरी फुलं तर झाडाखाली उभं राहून वर बघितलं तरी चटकन दिसत नाहीत, पण चैत्रातल्या रात्री त्यांचा मधासारखा वास गल्ली भरून टाकतो.

या सगळ्यात मोह वेगळाच. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहाची पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके लोंबतात. फुलं रात्री उमलतात. वटवाघळं येतात, मकरंद आणि मांसल पाकळ्या खातात आणि परागीकरण करतात. मग उजाडायच्या सुमारास पाकळ्यांची ती रसाळ, पिवळसर पांढरी वाटी आख्खी गळून पडते. वाळलेल्या पानावर पडली तर ‘टप्’, मातीवर पडली तर नुसताच दबका धप्प आवाज. अंधारात झाडाखाली उभं राहिलं तर आवाजावरून कळतं की कुठल्या बाजूची फांदी आज जास्त गळते आहे. आख्खी घरं टोपल्या घेऊन पहाटे मोहाखाली असतात, कारण ऊन चढलं की फुलं सुकतात आणि गुरं, हरणं, अस्वलं वाटेकरी होतात.

मोहाचा वास काहींना गोड वाटतो, काहींना उग्र. त्यात भाताच्या वासाची एक छटा आहे, आणि ती कल्पना नव्हे. बासमती आणि आंबेमोहोर तांदळाला ज्या रेणूमुळे वास येतो, तोच रेणू मोहाच्या फुलातही सापडलेला आहे. पहाटे रानात कुणी भात शिजवतंय असं वाटलं तर आधी वर बघावं. अर्थात, उजाडलं असेल तर.

पक्षी पहाटेच का ओरडतात?

याचं उत्तर एक नाही. किडे-फळं दिसायला पुरेसा उजेड नसतो, मग तो वेळ गाण्यात घालवणं स्वस्त पडतं. रात्रीतून वाचलेला नर ‘मी अजून इथेच आहे, जागा माझी आहे’ हे शेजाऱ्यांना सांगतो. माद्याही याच वेळी ऐकून निवड करतात. अशी बरीच कारणं एकत्र येतात. क्रमाची एक गंमत आहे. ब्रिटनमधल्या पक्ष्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांचे डोळे मोठे ते आधी गायला लागतात. अंधुक उजेड त्यांना आधी पुरतो. म्हणजे कानांनी ऐकलेल्या मैफलीचा क्रमही डोळेच ठरवतात!

आपल्याकडे कोतवाल मिट्ट अंधारातच बोलायला लागतो. मग दयाळ. हिवाळाभर गप्प असलेला हा काळा-पांढरा पक्षी आता गच्चीच्या टोकावर बसून लांबलचक शीळ घालतो. कोकीळ तर वेळच पाळत नाही. त्याची एक ‘कुहू’ नीट ऐका. पुढची थोडी वरच्या पट्टीत, त्याच्या पुढची आणखी वर, सहा-सात झाल्या की एकदम तुटतं. मादी असं गात नाही, ती ‘किक् किक् किक्’ असं घाईघाईने ओरडत जाते.

तांबट सगळ्यात शेवटी, ऊन लागल्यावर. त्याचं एकसुरी ‘टुक्-टुक्-टुक्’ ऐकून पक्षी शोधायला जा, सापडत नाही. आवाज कुठल्या दिशेने आला हे आपण दोन कानांमधल्या फरकावरून ठरवतो. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा आधी पोचतो, पण किती आधी? जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा काढतो. तांबट ओरडताना मान इकडेतिकडे फिरवतो, आणि त्याचा स्वरही शुद्ध, गुळगुळीत. मेंदूला पकडायला त्यात खाच-खळगा नसतो. म्हणून तो कधी पिंपळात, कधी पलीकडच्या टाकीवर असल्यासारखा वाटतो.

२०२०च्या टाळेबंदीत ‘पक्षी जोरात गायला लागले’ असं आपण सगळेच म्हणत होतो. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोत चिमण्यांच्या एका जातीचा अभ्यास झाला. त्या उलट हळू गात होत्या. रहदारीवर मात करायला ओरडावं लागत नव्हतं म्हणून आवाज खाली आला, गाणं सुधारलं, आणि तरी ते आधीपेक्षा लांब ऐकू जात होतं.

सूर्य उगवल्यावर थंडी वाढते, हा भास आहे का?

भास नाही. दिवसातलं किमान तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास, बहुतेकदा त्यानंतर थोड्या वेळाने येतं. उगवता सूर्य तिरपा असतो; तो देतो त्यापेक्षा जमीन अजून जास्त गमावत असते. हिशेब बरोबरीला येईपर्यंत गारठा वाढतच जातो.

त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहकाचा शोध २००२मध्ये लागला. पुदिन्यातलं मेंथॉल त्यालाच चाळवतं, म्हणून पुदिना ‘गार’ लागतो. या शाखेतल्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. त्वचा स्थिर तापमानापेक्षा बदल जास्त चांगला टिपते. पहाटे दुचाकीवरून जाताना ओढ्याच्या पुलावर उतार लागला की गुडघ्यांना एकदम गारवा झोंबतो आणि चढाला लागलं की सोडतो. जड गार हवा रात्रभर उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचलेली असते. तिची कड गुडघ्याने कळते.

कोकणात याला वाऱ्याची जोड आहे. शाळेत पाठ केलेले खारे आणि मतलई वारे आठवत असतील. पहाटे हलका मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे वाळूत उभ्या माणसाला मागच्या आंबा-काजूच्या बागांचा वास येतो. दिवस चढला की वारा फिरतो आणि खारट, मासळीचा वास घेऊन येतो. शिडाच्या होड्या पहाटेच्या वाऱ्याने बाहेर जायच्या आणि दुपारच्या वाऱ्याने परतायच्या.

जिभेलाही पहाट कळते, ती नीरेत. शिंदीच्या झाडाला रात्री मडकं लावतात, उजाडायच्या आत उतरवतात. हवा तापली की रस आंबायला लागतो, म्हणून नीरा सकाळीच प्यायची.

डोळे मिटले की कान तीक्ष्ण होतात का?

कान होते तेवढेच राहतात. लक्ष मोकळं होतं. डोळ्यांकडून येणाऱ्या माहितीचा लोंढा थांबला की मेंदू बाकीच्यांकडे वळतो, एवढंच. जन्मापासून किंवा लहानपणापासून न दिसणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांनाही इतरांना ऐकू न येणारे बारीक आवाज ऐकू येतात असं नाही, पण आवाजाची दिशा, प्रतिध्वनी, बोटाखालचा उठाव यांतून माहिती काढण्याचं कसब कित्येकांकडे फार वरचढ असतं. १९९६मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं, की ब्रेल वाचताना त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भागही कामाला लागतो. रिकामी जागा मेंदू पडीक ठेवत नाही.

प्रतिध्वनीची झलक आपल्यालाही मिळते. पहाटे सोसायटीच्या भिंतीकडेने चाला. भिंत संपून फाटकाची मोकळी जागा आली की स्वतःच्याच चपलांचा आवाज अचानक पातळ होतो. पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला ही रोजची माहिती आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर फिरवून ‘अंधत्वाचा अनुभव’ देणारे कार्यक्रम मला म्हणूनच खटकतात. तासाभरात फक्त धडपडणं कळतं, कसब नाही.

आणि शहरात?

इथे एक जुना समज सोडावा लागेल. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे रानात खरं, शहरात नव्हे. जो स्थिर थर मोहोराचा वास धरून ठेवतो, तोच वाहनांचा धूर, कचऱ्याची जाळपोळ आणि बांधकामाची धूळही धरून ठेवतो. सकाळची रहदारी सुरू होते तेव्हा तो थर अजून मोडलेला नसतो, म्हणून कित्येक शहरांत प्रदूषणाची एक उसळी त्याच वेळी येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेची ‘सफर’ यंत्रणा मुंबई-पुण्याच्या हवेचे आकडे देते. दम्याच्या माणसाने फिरायला निघण्याआधी ते बघावेत. धूर नुसता वासावर कुरघोडी करत नाही, तो वास मोडतोही. अमेरिकेत २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की प्रदूषणातून रात्री तयार होणारी रसायनं फुलाच्या वासाचे रेणू तोडतात आणि पतंगांना फूल सापडेनासं होतं.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. भारतातला मार्च २०२२ आणि फेब्रुवारी २०२३, दोन्ही कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१पासूनच्या नोंदींत तोवरचे सगळ्यात तापलेले ठरले. मोहोर फुटायला रात्रीचा गारवा लागतो हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला सांगावं लागत नाही. वसंताचे हे आठवडे थंडी आणि उन्हाळ्याच्या मध्ये दाबले जात असतील, तर त्याची पहिली खबर फोटोंतून येणार नाही. पळस तसाच लाल दिसेल.

करून बघायचं असेल तर मार्चच्या मध्यावर सूर्योदय नागपुरात साधारण सहा-वीसला आणि मुंबईत पावणेसातला असतो. त्याआधीचा अर्धा तास धरा. आदल्या रात्री चांदण्या स्वच्छ दिसत असतील आणि पान हलत नसेल तर गजर लावा. ढगाळ असेल तर खुशाल झोपा.